फुग्याची दाढी

गळ्यावर आडवा वण असलेल्या न्हाव्यापुढे मान मागे टाकून बसायला हिंमत लागते. नवं गिऱ्हाईक खुर्चीत टेकायचं, आरशात न्हाव्याकडे बघून हसायचं, मग त्याची नजर हळूहळू खाली उतरायची आणि कॉलरवरून डोकावणाऱ्या त्या गुलाबी रेघेवर येऊन अडायची. लगेच ते सांगून टाकायचं, "फक्त केस हं. दाढीचं राहू द्या."

"घाबरू नका," न्हावी म्हणायचा. "हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरांचं आहे. मी केलं असतं तर याहून सरळ आलं असतं."

गिऱ्हाईक हसायचं, न्हावीही हसायचा आणि मनातल्या मनात हुश्श करायचा. कारण खरी गोष्ट अशी की दाढी नको म्हणणारा माणूस आताशा त्याला देवासारखा वाटत होता.

गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. दुकान उघडलं की हा सुरू, कुलूप लागलं की बंद, आणि मधे बटण नाही. कुणाच्या जावयाची बदली, कुणाच्या गाडीची खरखर, कालच्या सामन्यात पंचाने खाल्लेली माती, त्याला विषयाचं वावडं नव्हतं. बोलण्यात तो दोनाचे चार सहज करायचा, पण हातात कधी नाही. वस्तरा गालावरून असा उतरायचा की दाढी झाली की नुसता साबण पुसला, हे माणसाला गालावर हात फिरवल्याशिवाय कळायचं नाही. बोलणं ही त्याची हौस होती आणि वस्तरा ही त्याची इज्जत. गल्लीतल्या लोकांना तो फरक माहीत नव्हता. त्याला स्वतःलाही तो आजारपणानंतरच कळला.

त्याचा आजार पकडला तो कुठल्या डॉक्टरने नाही, घड्याळवाल्या काकांनी. काका कोपऱ्यावरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून जन्म गेलेला, त्यामुळे बारीकसारीक दिसल्याशिवाय राहायचं नाही आणि दिसलं की बोलल्याशिवायही राहायचं नाही. एक दिवसाआड सकाळी ते दाढीला येत. असेच एकदा मान मागे टाकून पडले होते. रेडिओ वरून त्यांना शेजारच्या फुलवालीच्या भावाच्या घरच्या भांडणाची हकिगत ऐकवत होता, आणि काका खालून त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होते.

"थांब," काका म्हणाले. "गिळ बघू."

"काय गिळू?"

"थुंकी गिळ रे. हं. तुझ्या गळ्यात काहीतरी वर-खाली होतंय. बोराएवढं."

"काका, तो कंठ. पुरुषाला असतो."

"कंठ मधे असतो. हे एका बाजूला आहे. अरे, तू इतकी वर्षं माझा गळा बघतोस, तसा मीही इथे पडून तुझाच बघतो. या खुर्चीतून दुसरं दिसतं काय? उद्याच्या उद्या दाखवून ये."

दाखवून आला. थायरॉइडचा कॅन्सर निघाला.

त्यानंतर जो भेटेल तो एकच सांगायला लागला, की झालाच आहे तर हा त्यातल्या त्यात चांगला. चुलत भाऊ म्हणाला, "नशीबवान आहेस." मेहुणा म्हणाला, "हा तर काहीच नाही रे, एक गोळी घ्यायची बस्स." कुणी असं म्हणालं की रेडिओ मान डोलवायचा. खोटं नव्हतंच ते. पण चांगला म्हणून कुणी घरी घेऊन जायला तयार नव्हतं, असं त्याची बायको एकदा स्वयंपाकघरातून बोलली आणि मग चुलत भावाने चहा पटकन संपवला.

ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली. मग आयोडीनचं औषध दिलं आणि त्याच्या अंगातून किरणं निघतात म्हणून काही दिवस एका खोलीत एकटं ठेवलं. जेवण दारात ठेवून जायचे. रेडिओसारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती. बोलायला एक भिंत होती आणि एक नळ. नळ गळका होता, म्हणून तो नळाशी बोलायचा. निदान उत्तर तरी येत होतं.

घरी आला तेव्हा अंगाने बरा होता, पण आवाज बदलला होता. पूर्वी त्याचं हसणं गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. आता घशातून असा घोगरा आवाज निघायचा की जणू शेजारच्या खोलीतून कुणी बोलतंय, आणि दुपार झाली की तोही बसायचा. मग गिऱ्हाईक बोलायचं आणि हा हुंकार द्यायचा. त्यात एक गंमत झाली. लोकांना कळलं की आपल्यालाही बोलायला येतं. इतकी वर्षं मुकाट्याने केस कापून घेणारा एक कारकून एका दुपारी असा काही सुटला, की त्याला त्याच्या घरून बोलावणं आलं.

बायको घरी पडदे शिवायची. तिने उरलेल्या कापडाचे रुमाल करून दिले, वण झाकायला गळ्याला बांधायचे. त्याने एक दिवस फुलाफुलांचा रुमाल बांधला, आरशात बघितलं आणि म्हणाला, "अगं, मी काय खिडकी आहे का?" त्यानंतर वण उघडाच राहिला.

रोज सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी एक इवलीशी गोळी, आणि त्यानंतर तासभर चहा नाही. रेडिओ चहाबाज माणूस. त्या तासाला त्याने 'कोरडा तास' असं नाव दिलं होतं. दुपारी अंगातलं बळ एकदम उतरायचं, तेव्हा तो स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, अंगावर ते पांढरं कापड ओढून झोपायचा. आलेली माणसं बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायची आणि पानं उलटतानाही जपायची. या सगळ्याशी त्याचं जमून गेलं होतं. तो सुखात होता, हे सांगून टाकलेलं बरं. जेवणाची चव परत आली होती. सकाळी डोळे उघडले की छताचा रंग बघून त्याला बरं वाटायचं, आणि छताला रंग देऊन तर कैक वर्षं झाली होती.

जमत नव्हतं ते फक्त हाताचं.

दुकान पुन्हा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एक दाढी आली. त्याने साबणाचा फेस केला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं, अंगठ्याने गालाची कातडी ताणली आणि वस्तरा टेकवला. तेव्हा त्याला दिसलं की पातं थरथरतंय. अगदी थोडं, केसभर. समोरच्याला कळलंही नसतं. पण न्हाव्याच्या धंद्यात केसभर म्हणजे थोडं नसतं. त्याने वस्तरा मागे घेतला, फोन आल्याचं सोंग केलं, बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला आणि परत येऊन ती दाढी मशीनने उरकली. त्या दिवसापासून कात्री आणि मशीन, बस्स. कात्रीचं जमायचं. फणीवर बोट टेकवलं की हात स्थिर राहायचा. वस्तऱ्याला मात्र कुणाचा टेकू नसतो.

"डॉक्टरांनी अजून वस्तऱ्याला परवानगी दिलेली नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. डॉक्टरांना याचा पत्ताही नव्हता.

लोकांनी ते मान्य केलं आणि दाढीपुरते दुसरीकडे जायला लागले. एक काका सोडून. काका आले, खुर्चीत बसले आणि मशीन बघून उठले.

"हे गवत कापायचं यंत्र माझ्या तोंडाला लावू नकोस. परवानगी मिळाली की सांग."

"काका, तोवर पुढच्या चौकात—"

"माझा गळा मी दर माणसापुढे उघडा टाकत नाही," काका म्हणाले आणि घरी गेले.

आणि काकांनी दाढी वाढवली. आधी खुंट आले, मग ती पांढरी झाली, मग छातीकडे निघाली. भिंगाच्या पट्ट्यात अडकायची, चहात बुडायची. घड्याळ घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक, दुकान विकलं वाटतं, असं समजून परत गेलं. तरी काका रोज सकाळी सलूनपुढून जाताना हनुवटीवर हात फिरवून नुसतं विचारायचे, "काय रे?" आणि रेडिओ म्हणायचा, "अजून नाही, काका." ती दाढी बघितली की तो पाठ फिरवून पुसलेल्या फण्या पुन्हा पुसायला लागायचा. ज्या माणसाने त्याचा गळा वाचवला, त्याची साधी दाढी त्याला करता येत नव्हती.

तेव्हा त्याने फुगे आणले.

हे न्हाव्यांचं जुनं शिक्षण. नवशिक्याला माणसाच्या गालाआधी फुग्यावर वस्तरा धरायला देतात. फुगा फुगवायचा, त्याला साबण फासायचा आणि तो साबण वस्तऱ्याने असा उतरवायचा की फुगा शाबूत राहिला पाहिजे. रेडिओ हे ओठावर मिसरूड नसताना शिकला होता. आता केस पिकल्यावर पुन्हा पहिल्या इयत्तेत बसला. गोळी घ्यायची आणि कोरडा तास सुरू झाला की दुकान गाठायचं. शटर अर्धं वर करायचं, फुगा खुर्चीच्या डोके-टेकणीला बांधायचा, खाली कापड पांघरायचं म्हणजे गिऱ्हाईक बसल्यासारखं वाटतं, आणि वस्तरा लावायचा. फाट! पुन्हा दुसरा. फाट! त्याने स्वतःला बजावलं होतं, की ज्या दिवशी फुगा वाचेल त्या दिवशी काकांना हाक मारायची.

शेजारच्या दुकानात फुलवाली त्या वेळी फुलांचे देठ कापत बसलेली असायची. पहिल्या आवाजाला तिची कात्री हातातून पडली. पुढे तिला सवय झाली. तिने एकदा विचारलं, तर रेडिओ म्हणाला, "उंदीर मारतोय." ती म्हणाली, "बंदुकीने?" त्यावर त्याला काही सुचलं नाही, आणि रेडिओला काही सुचलं नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे ती समजून चुकली.

फुगे फुटत राहिले. एक महिना गेला, दुसरा गेला, आणि एके दिवशी रेडिओने हात टेकले. पाटीवर वर्षानुवर्षं 'केस आणि दाढी' असं लिहिलेलं होतं. त्याने पेंटरला फोन केला आणि सांगितलं की येऊन 'आणि दाढी' पुसून टाक. खोटं बोलणारी पाटी डोक्यावर घेऊन काम करायला त्याला लाज वाटत होती.

पेंटर हा चोख माणूस. त्याला एक शंका आली. रेडिओचा फोन लागेना, म्हणून त्याने घरी लावला.

"वहिनी, ते 'दाढी' पुसल्यावर तिथे काय लिहू? मोकळी जागा वाईट दिसेल."

"कसली दाढी?" वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा गोळी घेऊन बाहेर पडला, आणि थोड्या वेळाने तीही चपला घालून निघाली. सलूनचं शटर अर्धं वर होतं. तिने वाकून आत बघितलं. खुर्चीत पांढरं कापड पांघरून एक लाल फुगा बसला होता, तोंडाला भरपूर साबण लावून. तिचा नवरा त्याच्यावर वाकून घोगऱ्या आवाजात म्हणत होता, "मान जरा वर, साहेब. हलू नका. हलू नका हं—"

फाट!

साबण आरशावर, छतावर आणि नवऱ्याच्या नाकावर उडाला. बायकोला हसू फुटलं. ती हसत हसत शटरखालून आत आली, आणि आत आल्यावर तिला त्याचा चेहरा दिसला. मग ती हसायची थांबली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दुकान उघडल्यापासून." त्याने हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "कात्री चालते. हे चालत नाही."

"आणि डॉक्टर मॅडमना सांगितलं नाहीत."

"काय सांगू? अगं, त्यांनी जीव वाचवला माझा. तिथे बाकावर शेजारी कोण कोण बसलेलं असतं, तू बघतेस ना? त्यांच्यासमोर मी हात थरथरतो म्हणून रडू? लोक म्हणतील, याला चांगला कॅन्सर मिळाला, तरी याची कुरकुर आहेच."

"लोकांच्या दाढ्या करता म्हणून लोकांच्या तोंडाकडे किती बघायचं?" ती म्हणाली. "दर खेपेला मॅडम विचारतात, काही त्रास? तुम्ही म्हणता, झकास! मी शेजारी बसून ऐकते. अंथरुणात तळमळत असता, छाती धडधडते म्हणून उठून पाणी पिता. तेही झकासच का? अहो, मला वाटायचं, मरणाची भीती वाटते तुम्हाला. म्हणून मी विचारायची नाही."

"मरणाची नाही गं," तो म्हणाला. "काकांची वाटते."

मग दोघांनी मिळून आरसा पुसला. निघताना तिने काउंटरवरच्या पाकिटातून एक फुगा काढून पर्समध्ये टाकला. त्याने विचारलं, कशाला? ती म्हणाली, असू दे.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, झपाझप बोलायच्या, आणि त्यांच्या टेबलावर कायम एक अर्धं खाल्लेलं सफरचंद असायचं. त्यांनी रिपोर्ट बघितले, मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काही त्रास?"

"झ—" रेडिओने तोंड उघडलं.

शेजारून फूं, फूं असा आवाज आला. मॅडमनी बघितलं तर बाई गाल फुगवून फुगा फुगवत होत्या. बाईंनी फुगा चांगला टरटरून फुगवला, गाठ मारली आणि रिपोर्टांवर ठेवला.

"यांना विचारू नका," त्या म्हणाल्या. "याला विचारा."

मग सगळं बाहेर आलं. रेडिओने मान खाली घालून सांगितलं, आणि जिथे तो चाचरला तिथे बायकोने सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले, बोटं फाकवायला सांगितली आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. खोलीतला पंखा बंद होता. तरी कागद फडफडत राहिला.

"हा आजार नाही, हा गोळीचा डोस आहे," मॅडम म्हणाल्या. "तो मी मुद्दाम चढा ठेवला होता, गाठ परत डोकं वर काढू नये म्हणून. त्यानेच हात थरथरतो, त्यानेच धडधडतं, झोप उडते. आता तुमचे रिपोर्ट छान आहेत, सोनोग्राफी स्वच्छ आहे, त्यामुळे डोस खाली आणता येईल." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मागच्याच वेळी आणला असता. पण मागच्या वेळी सगळं झकास होतं."

रेडिओने बोटांवरचा कागद उचलून टेबलावर ठेवला.

"तुम्ही मला बरे झालेले हवे आहात, पण नुसते रिपोर्टात नाही," मॅडम म्हणाल्या. "सहा-आठ आठवडे द्या. हात एका दिवसात नाही थांबायचा. आवाजाचं काय?"

"तो राहू द्या मॅडम, बायकोला हाच आवडतो. घरी शांतता असते."

"कोण म्हणालं?" बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला आधीचाच आवडायचा. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की मी मशीन थांबवायची. आता दार वाजेपर्यंत कळत नाही."

रेडिओने तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं तो बोलत होता तेव्हा घरात कुणीतरी शिवणयंत्राचं चाक धरून ऐकत होतं, हे त्याला आज कळत होतं. त्याला भरून आलं, आणि ते लपवायला त्याने टेबलावरचा फुगा उचलून मांडीवर घेतला. मॅडमनी आवाजाच्या व्यायामासाठी एका बाईंची वेळ लिहून दिली आणि सांगितलं, फुगा घेऊन जा, बाहेरचे लोक हसतील, हसू द्या.

घरी येताना त्याने पेंटरला फोन केला. पेंटर वैतागला. "दाढी ठेवू की काढू, एक काय ते सांगा."

"थांब जरा," रेडिओ म्हणाला. "दाढीला सहा-आठ आठवडे आहेत."

नवी गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही, आणि फुलवालीने पंधरवडाभर रोज फाट फाट ऐकलं. मग रेडिओला झोप लागायला लागली. मग एका सकाळी फुगा अर्ध्याहून जास्त साफ झाला आणि मग फुटला. त्यानंतर फुगा शेवटच्या पट्ट्यावर फुटायला लागला, जे पहिल्या पट्ट्यावर फुटण्यापेक्षा जिवाला जास्त लागतं. घसा मात्र अजून घोगराच होता. व्यायामाच्या बाईंनी त्याला 'आ' आणि 'ई' म्हणायला लावलं होतं. ते तो फुग्यासमोर म्हणायचा, त्यामुळे दाढीच्या वेळी फुगाच कण्हतोय असं बाहेरून वाटायचं.

एका सकाळी फुलवालीने देठ कापायला घेतले, कापून संपवले, बादल्या भरल्या, तरी आवाज आला नाही. तिला चैन पडेना. ती हात पुसत आली आणि शटरखाली वाकली.

"अहो, बरे आहात ना? आज फाट नाही झालं."

रेडिओ खुर्चीशेजारी उभा होता. खुर्चीतला निळा फुगा स्वच्छ, गुळगुळीत, चकचकीत होता. त्याच्यावर साबणाचा ठिपकासुद्धा नव्हता. रेडिओला त्या क्षणी इतका आनंद झाला, की त्या बडबड्याला एकच शब्द पुरला.

"वाचला."

"कोण?"

त्याने आधी फुग्याकडे बोट दाखवलं, मग जरा विचार करून स्वतःकडे.

काकांना बोलवायला फुलवालीच धावली. काका आले तेव्हा दाढी वाऱ्यावर दोन वाटांनी उडत होती. ते थेट खुर्चीत बसले. आरशाच्या कोपऱ्याला निळा फुगा टांगलेला होता.

"हे कोण?"

"तुमच्या आधीचं गिऱ्हाईक."

"चांगलं दिसतंय. कुरकुर केली का?"

"याने नाही. याच्या आधीच्यांनी फार केली."

रेडिओने आधी कात्रीने जंगल उतरवलं, मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर ठेवला, फेस केला, आणि वस्तऱ्यात पातं घातलं. आतून घाबरला होता. फुग्याला रक्त नसतं, काकांना होतं. त्याने गालाची कातडी ताणली आणि वस्तरा टेकवला. पातं गालावरून खाली उतरलं, सरळ, न अडखळता, आणि त्यामागे काकांचा जुना गाल उघडा झाला. मग दुसरा गाल. मग हनुवटी.

"मान मागे, काका."

काकांनी मान मागे टाकली. आता ते खालून, पूर्वीसारखे, त्याच्या गळ्याकडे बघत होते.

"वण फिका झालाय," काका म्हणाले.

"हं."

"गिळ बघू."

रेडिओच्या हातातला वस्तरा हवेतच थांबला. त्याने गिळलं. काकांनी एक डोळा मिटला, दुसरा बारीक केला आणि घड्याळाचं आतलं चक्र बघावं तसं बराच वेळ बघितलं. रिपोर्ट आले होते, सोनोग्राफी झाली होती, तरी रेडिओला वाटलं की निकाल आत्ता लागतोय.

"काही नाही तिथे," काका म्हणाले. "साफ आहे."

आणि त्यांनी डोळे मिटले. रेडिओ त्यांच्या गळ्यावरून एक पट्टा उतरवेपर्यंत ते घोरायला लागले होते. या खुर्चीत आजवर कुठल्या गिऱ्हाइकाचा डोळा लागला नव्हता, रेडिओने लागूच दिला नव्हता. काकांची नाडी गळ्याच्या कातडीखाली सावकाश उडत होती, तिच्या शेजारी पातं होतं, आणि पात्यामागचा हात हलत नव्हता. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण पुसायला तो थांबला नाही.

तेवढ्यात शटर खडखडलं. कोरडा तास संपला होता. बायको चहाचा थर्मास घेऊन आली होती, तिच्यामागे फुलवाली होती, आणि दोघींमागे आठवडे मोजून आलेला, हातात ब्रश घेतलेला पेंटर होता. तो तोंड उघडून विचारणारच होता, की पाटीचं काय ते एकदाचं सांगा.

रेडिओने वस्तरा न हलवता डावा हात वर केला आणि साबणाने माखलेलं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.